दोघींचं ‘काले आवजो’ संग्रहालय

ती शेजारच्या घरात राहायला आली त्या दिवशी तिच्या कडेवर मुलगी होती आणि डोक्यावर साड्यांचं पोटलं. सामान अजून टेम्पोतून उतरायचं होतं, पण कामाची सोय तिनं आधीच करून ठेवली होती. पर्वत पाटियाच्या कापड मार्केटमधून साड्या आणायच्या, त्यांच्या मागच्या बाजूला लोंबणारे धागे कात्रीनं कापायचे, घड्या घालून परत पोचवायच्या. आमच्या भागात घरोघरी बाया हे काम करतात. मीही करत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आपलं पोटलं घेऊन सरळ माझ्या ओट्यावर आली आणि म्हणाली, “एकटी बठनी का हात दुखतस व. दोन्हीजनी बठूत.”

त्यानंतर सतरा वर्षं आम्ही दोघी बसलो.

दोघीही खानदेशातल्या, गुजरातेत येऊन राहिलेल्या. माझं माहेर नंदुरबारकडे, तिचं त्याहून आत, सातपुड्याच्या पायथ्याला. घरात अहिराणी, बाजारात गुजराती, पोरांशी हिंदी, असं आमचं चालायचं. मी बारावी शिकलेले; लग्नाआधी दोन वर्षं बालवाडीत शिकवलंही होतं. तिची शाळा चौथीत सुटली. अक्षरं जुळवून वाचता यायचं तिला, पण वेळ लागायचा, आणि वेळ लागला की ती चिडायची. म्हणून तिच्या घरी आलेला प्रत्येक कागद माझ्याकडे यायचा. लाइटबिल, शाळेची नोटीस, बँकेचं पत्र. मी मोठ्यानं वाचायची, ती कात्री चालवत ऐकायची, आणि मी बोट ठेवीन तिथे सही करायची.

पण माझ्यात नव्हतं असं काहीतरी तिच्यात होतं. ती कुणाचाही आवाज काढायची. मार्केटमधला शेठ, रेशनवाला, नळाचं पाणी सोडणारा माणूस. माझ्या सासूबाईंचा आवाज तर इतका हुबेहूब काढायची की आत पडलेल्या सासूबाई एकदा “ओ” देऊन बाहेर आल्या, आणि प्रकार कळल्यावर ओट्याला टेकून हसत राहिल्या. मी सासूबाईंना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

तिची मुलगी बारावी झाली तेव्हा कॉलेजसाठी एक दाखला लागला. आम्ही दोघी कचेरीत जायचो. खिडकी इतकी खाली होती की कंबरेत वाकल्याशिवाय आतल्या माणसाशी बोलताच यायचं नाही. तो वर बघायचा नाही. कागद उलटसुलट करायचा आणि म्हणायचा, “काले आवजो.” उद्या या. उद्या गेलं की एखादी झेरॉक्स कमी असायची, परवा गेलं की साहेब नसायचे. अकराव्या खेपेला आमच्या मागे उभा असलेला एक माणूस बाजूच्या दारानं आत गेला आणि अर्ध्या तासात दाखला खिशात घालून बाहेर पडला. आमच्याकडे बघून जरासा हसलाही. तो काय करून आला हे सगळ्या रांगेला कळलं होतं, पण कुणी काही बोललं नाही. आम्हीही बोललो नाही.

परतताना आम्ही शेअर रिक्षात बसलो. उधना दरवाजा मागे पडला आणि एकाएकी तिनं तोंड उघडलं. तो खिडकीतला माणूस. तोच खर्ज, तोच कंटाळा, जिभेखालची तंबाखू सांभाळत बोलणं. “फोटो नानो छे. फोटो मोटो छे. फोटोमां तमे हसो छो केम? काले आवजो.” फोटोत हसता कशाला, हे ऐकून रिक्षातले सगळे हसायला लागले. रिक्षावाल्यानं गाडी बाजूला घेतली, त्याला हँडल धरवेना. माझ्याशेजारी एक गुजराती काका होते, ते डोळे पुसत म्हणाले, “बेन, आ तो टिकिट राखीने बताववा जेवुं छे.”

तिकीट लावून दाखवण्यासारखं. काका सहज बोलून गेले, पण ते माझ्या डोक्यात बसलं.

आमच्या घराचा खालचा गाळा तेव्हा रिकामा होता. तिथलं एम्ब्रॉयडरीचं मशीन विकून टाकलेलं. नुसतं शटर आणि भिंतींवर तेलाचे डाग. मी तिला म्हटलं, “हे सगळं मांडून ठेवू या. लोक येतील, हसतील, आणि जाताना काहीतरी शिकून जातील.”

“काय मांडशी?”

“कचेरी. खिडकी. निवडणुकीत वाटतात ती भांडी. सगळंच.”

ती कात्री खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “हासाडाचं काम मनं. शिकाडाचं तुनं.”

हसवणं तिचं आणि शिकवणं माझं, ही वाटणी त्या दुपारी झाली.

मार्केटमधल्या एका दुकानानं साड्या नेसवून उभे करायचे जुने पुतळे बदलले होते. ते गच्चीवर ऊन खात पडले होते. आम्ही मागितले, शेठनं हात झटकून “लई जाओ” म्हटलं. सात पुतळे टेम्पोत घालून आम्ही आणले. एकाला मुंडकं नव्हतं, दोघींचे हात मोडलेले. ते सगळे बायकांचे पुतळे. साडीच्या दुकानात पुरुषाचा पुतळा कशाला असेल? जागा कमी होती म्हणून तिनं एकीला मांडीवर घेतलं होतं आणि चौकातल्या सिग्नलला लोक वाकून बघायला लागले की ती त्या पुतळ्याच्या कपाळावर हात ठेवून म्हणायची, “ताप आलाय हिला.”

पाच पुतळ्यांची आम्ही रांग केली. समोर थर्माकोलची भिंत, त्यात मुद्दाम खाली कापलेली खिडकी. बघणारा वाकून आत डोकवायचा तेव्हा आत माझ्या अक्षरातली पाटी दिसायची: “बघा, आपोआप वाकलात.” आणि खाली: “अर्ज दिला की पोच मागा. पोच म्हणजे तारीख आणि शिक्का असलेली नक्कल. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं होतं.” मराठी, गुजराती, हिंदी, तिन्ही भाषांत. पुतळ्यांमागे उभी राहून ती रांगेतल्या एकेकीचं बोलायची. मुंडकं नसलेली बाई म्हणायची, “माझा फोटो चालत नाही म्हणतात.”

निवडणुकीत वाटलेल्या साड्या आम्ही शेजारणींकडून गोळा केल्या. आम्ही साडीतल्याच बाया, तेव्हा त्यावर ती अगदी गंभीरपणे बोलायची. पदर चुरगाळून दाखवायची, रंग बोटाला लावून दाखवायची. “हा डाइंगचा हलका माल. पहिल्या धुण्यात रंग गेला, दुसऱ्या धुण्यात माणूस.” आमच्या गल्लीतल्या एका गटाराचं तीनदा खातमुहूर्त, म्हणजे भूमिपूजन, झालं होतं; तिन्ही वेळा नारळ फुटला आणि तिन्ही वेळा माणसं निघून गेली. त्या तीन नारळांच्या करवंट्या तिच्या मुलीनं कुठूनशा मिळवून आणल्या. त्याच नारळांच्या कशावरून, असं मी मुलीला विचारलं तर ती म्हणाली, “तू अर्ज करून माहिती मागव.”

नेत्यांचे जुने फ्लेक्स उलटे अंथरून त्यावर मी सापशिडी रंगवली. फाइल एक नंबरवरून निघायची आणि शंभरावर साहेबांच्या सहीला पोचायची. प्रत्येक सापापाशी मी लिहिलं होतं की इथे अडलात तर कुणाकडे तक्रार करायची, किती दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. लोक फासे टाकत खेळायचे आणि खेळता खेळता ते पाठ व्हायचं. ते काम माझ्या मनासारखं झालं होतं.

सगळ्यांना आवडायची ती मात्र तिनं एकटीनं केलेली वस्तू. दुसऱ्या एका वॉर्डात आम्ही तक्रार घेऊन गेलो होतो, तिथे नगरसेविकेच्या खुर्चीत तिचा नवरा बसला होता आणि ती आतून चहा घेऊन आली होती. माझ्या मैत्रिणीनं घरी येऊन एका पुतळ्याला काळ्या लोकरीची मिशी लावली, पांढरा झब्बा घातला आणि खुर्चीत बसवलं. मागे दुसरा पुतळा, डोक्यावरून पदर, हातात पेन. टेबलावर घंटी. कुणी घंटी वाजवली की ती पडद्याआडून खालच्या आवाजात म्हणायची, “साहेबांना विचारून सांगते.”

शटरवर आम्ही पाटी लावली: ‘काले आवजो संग्रहालय. फक्त रविवारी दुपारी.’ तिनं त्याखाली लिहायला लावलं, ‘पण आजच या.’

सुरुवातीला सोसायटीतलीच माणसं आली. मग लूमच्या कारखान्यांतून सुट्टीवरचे कामगार, मग एका शाळेचे गुरुजी मुलांना घेऊन, मग कॉलेजची पोरं. त्यांनी तिचे व्हिडिओ काढले आणि ते फिरायला लागले. रविवारी गल्लीत चपला ठेवायला जागा उरायची नाही. बारडोलीच्या साखर कारखान्याकडचे एक आजोबा फक्त तो खिडकीतला माणूस ऐकायला बसनं आले होते. शेवटी माणसं गेली की आम्ही शटर अर्धं ओढायचो आणि सापशिडीवरच पाय पसरून बसायचो. तिचा घसा बसलेला असायचा. मी लिंबू-मीठ घातलेलं कोमट पाणी द्यायची. कुणीतरी काहीतरी वेंधळेपणानं विचारलेलं आठवायचं आणि दोघींना एकदम हसू फुटायचं.

मला आज ती वेळ हवी असते. गर्दी नको, व्हिडिओ नकोत. त्या अर्ध्या शटरखालून येणारी उन्हाची पट्टी आणि तिचा तो बसलेला घसा.

एका रविवारी पांढऱ्या कपड्यांतले तिघे आले. आम्हाला वाटलं, आता शिव्या मिळणार. पण त्यांनी सगळं शांतपणे बघितलं, खिडकीत वाकले, फासे टाकले, आणि मिशीवाल्या पुतळ्यापुढे तर इतरांपेक्षा मोठ्यानं हसले. जाताना एकानं तिला विचारलं, “बेन, आपण किती शिकलात?”

“शिकायचं काम हिचं,” तिनं माझ्याकडे बोट केलं.

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, नमस्कार केला, आणि पुन्हा तिच्याशीच बोलायला लागला.

दीड महिन्यानं दुपारी ती आली ती पोटलं न घेताच. आमच्या वॉर्डात निवडणूक होती, बाईसाठी राखीव जागा होती आणि त्या तिघांच्या पक्षानं तिला उभं राहायला सांगितलं होतं. तिचा नवरा हो म्हणून मोकळा झाला होता. तो डाइंग मिलमध्ये सुपरवायझर होता. वाईट माणूस नव्हता, आजही मी तसं म्हणणार नाही.

“तू काय म्हणतेस?” तिनं विचारलं.

मी धागे कापत राहिले. “तुला हवंय का?”

“गटार होईल ना आपलं. चौथ्यांदा नारळ नको फोडायला.” मग थांबून म्हणाली, “तू नको म्हटलंस तर नाही उभी राहणार.”

ती खरंच थांबली असती. मला ते तेव्हाही माहीत होतं. पण मी म्हटलं, “तुला हवंय ना, मग जा.” आणि तेही अशा सुरात की त्यात परवानगी कमी आणि दार लावणं जास्त होतं. कारण त्यांनी मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी नकोच म्हटलं असतं, असं मी अजून म्हणते. पण विचारलं नाही, ते लागलं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

प्रचारात मी तिच्याबरोबर घरोघरी फिरले, चिठ्ठ्या वाटल्या. तिची भाषणं म्हणजे आमचा रविवारच होता, फक्त रोज आणि रस्त्यावर. ती चांगल्या मतांनी निवडून आली. गल्लीत तिला खांद्यावर घेतलं तेव्हा ती गर्दीत मला शोधत होती. मी हात वर केला. तिला दिसला की नाही, ठाऊक नाही.

तिनं गटार केलं. आधी ते सांगायला हवं. निवडून आल्यावर आठ महिन्यांत पाइप पडले, वर रस्ता झाला. मी तीन करवंट्यांखालची पाटी काढून नवी लावली: “गटार झाले.” आमच्या संग्रहालयात शेवट चांगला झालेली ती एकच गोष्ट. बालवाडीची गळकी खोलीही तिनं दुरुस्त करून घेतली. पण ती आता रविवारी यायची नाही. आधी एक रविवार चुकला, मग दोन, मग मी वाट बघायची सोडली. त्यांनी शहराबाहेर कामरेजच्या बाजूला फ्लॅट घेतला. ऑफिस आमच्या भागातच राहिलं.

एक दिवस तिचा नवरा आला. चहा घेतला, मुलांची चौकशी केली आणि मग म्हणाला, “वहिनी, ती मिशीवाली मूर्ती तेवढी काढा. गंमत बरी होती, पण आता बरं दिसत नाही.”

“तिला विचारून सांगते,” मी म्हटलं. तोंडातून शब्द गेल्यावर मला कळलं मी काय बोलले ते. त्यालाही कळलं असावं. तो कप ठेवून उठला.

मी तिच्या ऑफिसात गेले. बाहेरच्या खुर्चीत तिचा नवरा होता, भोवती माणसं. ती आतल्या छोट्या खोलीत बसली होती, समोर कागदांचा गठ्ठा, हातात पेन. मला बघून तिचा चेहरा इतका उजळला की मी काय बोलायला आले तेच विसरले. तिनं मला जवळ बसवलं, माझा हात हातात घेतला, मुलीच्या नोकरीचं सांगितलं. मग मी मिशीवाल्याबद्दल विचारलं.

तिनं समोरचा गठ्ठा बाजूला सरकवला. “काढू नको,” ती म्हणाली. नंतर अगदी हळू म्हणाली, “कपडा टाक वर.”

मी एक जुनी चादर टाकली. लोक विचारायचे, खाली काय आहे? मी सांगायची नाही. ते चादर उचलून बघायचे आणि पूर्वीपेक्षा जास्त हसायचे. त्यात मला बरं वाटायचं नाही.

बाकी कशालाच कुणी हसत नव्हतं. ती गेल्यावर मी एकटीनं दाखवायला लागले. खिडकीतला माणूस करून बघितला. माझा आवाज बालवाडीतल्या बाईसारखा यायचा. मुलं सभ्यपणे ऐकायची. मी पोच म्हणजे काय ते सांगायची, मुदत सांगायची, अपील सांगायची. सगळं बरोबर असायचं. मागे कुणीतरी जांभई द्यायचं. पहिल्यांदा मला कळलं की लोक माझं शिकवणं ऐकायचे ते तिच्या हसवण्यातून अजून बाहेर आले नसायचे म्हणून.

एकदा एका शाळेच्या चाळीस मुली आल्या. बिचाऱ्या लांबून आलेल्या, उन्हात. पाटी वाचून त्या हसायला तयार होऊनच आल्या होत्या आणि मी त्यांना निराश करत होते. मी बाजूला जाऊन तिला फोन लावला. उचलेल असं वाटलं नव्हतं.

“काय व?” ती म्हणाली.

मी सांगितलं, चाळीस मुली आहेत, खिडकीपुढे उभ्या आहेत.

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. “स्पीकर कर. खिडकीत ठेव फोन.”

मी थर्माकोलच्या खिडकीत फोन ठेवला आणि आतून तो माणूस, इतक्या सगळ्या एकदम कशा म्हणून, खेकसायला लागला. “कोण छे? आटली बधी? एक एक करीने आवो. फोटो लाव्या?” मुली दचकल्या, मग एक खुदकली, मग सगळ्या. एकीनं धीर करून विचारलं, “साहेब, आमचा दाखला?” आणि उत्तर आलं, “दाखला तैयार छे, बेटा. साहेब तैयार नथी.” मुली एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझे डोळे भरून आले होते. चार-पाच मिनिटं चाललं असेल. मग पलीकडून कुणाची तरी “मॅडम, मॅडम” अशी हाक आली, तिचा तो माणूस मध्येच थांबला आणि फोन कट झाला.

त्यानंतर मी पुन्हा कधी तसा फोन केला नाही. मलाच नको वाटलं. बंद खोलीत, तोंडावर पदर धरून ती ते बोलली असेल, हे डोळ्यांपुढे यायचं.

गेल्या हिवाळ्यात मागच्या गल्लीतले एक निवृत्त काका माझ्याकडे आले. कोपऱ्यावरच्या जागेत बाग होणार असं सगळे ऐकून होते. तिथे अचानक पत्रे ठोकले गेले होते आणि शेजारच्या व्यापारी इमारतीच्या गाड्या आत लागत होत्या. काकांना माहिती मागवायची होती, ही परवानगी कुणाच्या शिफारशीवर दिली. अर्ज लिहून घ्यायला सगळे माझ्याकडेच येतात. शिफारस कुणाची असणार, ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. ते म्हणाले, “तुम्हाला जड जात असेल तर दुसऱ्याकडून लिहून घेतो.”

“बसा,” मी म्हटलं.

मी तो अर्ज नेहमीपेक्षा हळू लिहिला. एकही काना-मात्रा चुकू दिली नाही. महिन्यानं कागद आले. शेवटच्या पानावर “हरकत नाही, शिफारस करण्यात येते” आणि खाली तिची सही. शेवटचं अक्षर खाली घसरलेली, माझ्या ओळखीची.

तीन दिवसांनी दुपारी ती आली. एकटीच, ड्रायव्हर गाडीत. मी खालीच होते, पुतळ्यांवरची धूळ पुसत. ती रांगेतल्या बायकांच्या मधून आत आली आणि म्हणाली, “अर्ज तुनाच ना? अक्षर वळखी लिधं मी.”

“हो. मीच लिहिला.”

“मला फोन करायचा.”

“फोन केला असता तर लिहिता आला नसता.”

ती खाली बसली. अंग जडावलं होतं, केसांत पांढरं आलं होतं. सापशिडीवरच्या एका सापावरून बोट फिरवत म्हणाली, “सही केली मी. वाचलं नव्हतं.”

“का नाही वाचलंस?”

“माले कोन वाचीसन दाखाडस आते? तू आठे, मी तठे.”

मला राग आला. मी इथेच होते, ऑफिसापासून दोन गल्ल्यांवर. कधीही बोलावलं असतं तर गेले असते. हे सगळं ओठांवर आलं आणि त्याचबरोबर ते माझं “हवंय ना, मग जा”ही आलं. मी कागद-पेन आणलं. तिनं सांगितलं, मी लिहिलं: आधीची शिफारस न वाचता दिली, ती मागे घेत आहे, जागा बागेसाठीच ठेवावी. मी वाचून दाखवायला लागले तर तिनं कागद ओढून घेतला. बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक अक्षर जुळवत तिनं तो स्वतः वाचला. पंधरा-वीस मिनिटं लागली. “शिफारस”पाशी अडली तेव्हा मी सांगायला पुढे झाले, तिनं हातानं थांबवलं. मग सही केली.

ते पत्र पोचलं. काकांकडे त्याची पोच आहे. जागेभोवतीचे पत्रे अजून निघालेले नाहीत. फाइल विचाराधीन आहे असं उत्तर येतं. पुढच्या वेळी तिला तिकीट मिळणार नाही असं लोक बोलतात, आणि घरी त्यावरून बरंच काही झालं असंही कानावर आलं. तिच्याशी माझं त्यावर बोलणं झालेलं नाही. कामरेजला एकदा जाऊन आले, तेव्हा घरात पाहुणे होते.

पण त्या दुपारचं थोडं सांगायचं राहिलं. सही करून तिनं पेन ठेवलं आणि तिथेच सापशिडीवर आडवी झाली. “पाच मिनिटं,” म्हणाली. तिची पर्स मी डोक्याखाली सरकवेपर्यंत तिला झोप लागली होती, तोंड जरासं उघडं, एक पाय साडीतून बाहेर. मी पंखा लावला. ऊन तोंडावर येत होतं म्हणून शटर अर्धं खाली घेतलं. पर्समध्ये फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मी तो काढून पुतळ्याच्या पदरात गुंडाळून ठेवला. अर्ध्या तासानं ड्रायव्हर शटरपाशी आला, वाकला आणि विचारायला लागला, मॅडमना किती वेळ आहे, साहेबांचे फोनवर फोन येत आहेत.

मी तोंडावर बोट ठेवलं आणि त्याला हळूच सांगितलं, “मॅडम मीटिंगमध्ये आहेत.”